पुरलेला रांजण आणि वगळलेले ग्रंथ

भोर आणि वेल्हें ह्या डोंगराळ मुलुखांत लहानपण घालविलेल्या मनुष्यास पुरलेल्या धनाची एकहि कथा ठाऊक नाहीं, असें सहसा घडत नाहीं. वेल्हें गांवाच्या माथ्यावर उभा असलेला तोरणा हाच मुळीं अशा एका कथेचा धनी आहे. शिवाजीमहाराजांनीं हा गड घेतल्यावर त्याची डागडुजी चालली असतां जमिनींत गाडलेलें द्रव्य हातीं लागलें आणि तें मुरुंबदेवाच्या डोंगरावर खर्ची घालून त्यांनीं राजगड उभारला, असें परंपरा सांगते. धन म्हटलें कीं तें सोनेंनाणें, आणि पुरलेलें म्हटलें कीं त्यावर भुजंगाचा किंवा पिशाच्चाचा पहारा, ही समजूत अशाच कथांनीं आमच्या खेड्यापाड्यांत रुजविली आहे.

मिसर देशांत नाईल नदीच्या कांठीं राहणाऱ्या शेतकऱ्यांची समजूत ह्याहून फारशी निराळी नव्हती. इ. स. १९४५ च्या डिसेंबर महिन्यांत नाग हम्मादी ह्या गांवाजवळ, जबल-अल-तारिफ नांवाच्या कड्याच्या पायथ्याशीं, कांहीं शेतकरी खताची माती खणीत होते. खणतां खणतां त्यांस तोंड बंद केलेला एक मातीचा रांजण लागला. त्यांच्यापैकीं मुहंमद अली नांवाच्या मनुष्यानें मागाहून सांगितलें कीं, आंत एखादा जिन कोंडलेला असेल ह्या भयानें तो प्रथम थबकला. मग आंत सोनें असेल ह्या आशेनें त्यानें कुदळ घातली. रांजण फुटला, पण आंतून निघालीं तीं चामड्याच्या बांधणीचीं जुनाट पुस्तकें. घरीं आणून टाकल्यावर त्यांतलीं कांहीं पानें चुलींत सरपण म्हणून गेलीं, असेंहि सांगतात. शोधाच्या ह्या हकीकतीच्या तपशिलाविषयीं पुढील संशोधकांपैकीं कित्येकांनीं शंका घेतल्या आहेत; परंतु पुस्तकांविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. तीं कैरो येथील कॉप्टिक वस्तुसंग्रहालयांत ठेवलेलीं आहेत.

एकंदर पुस्तकें १३, त्यांपैकीं एकाचीं केवळ थोडीं पानें उरलेलीं. आणि त्या सर्वांत मिळून लहानमोठीं ५२ प्रकरणें. भाषा कॉप्टिक, म्हणजे मिसरी लोकांची जुनी भाषा, बहुतांशीं ग्रीक अक्षरांत लिहिलेली. बांधणीचे पुठ्ठे जाड करण्यासाठीं जी पपायरसाची रद्दी आंत भरली होती, तिच्यावर इ. स. ३४८ पर्यंतच्या मित्या आढळल्या. तेव्हां हीं पुस्तकें चौथ्या शतकाच्या मध्याच्या सुमारास किंवा त्यानंतर बांधलीं गेलीं हें उघड आहे. मूळ ग्रंथ मात्र ग्रीक भाषेंतले, आणि त्यांतले बरेचसे दुसऱ्या-तिसऱ्या शतकांत रचलेले. विद्वानांची चढाओढ व राजकीय उलथापालथी ह्यांमुळें हें सारें धन लोकांपुढें येण्यास पुष्कळ काळ लागला. पानांच्या छायाप्रती १९७२ पासून प्रसिद्ध होऊं लागल्या, आणि संपूर्ण इंग्रजी भाषांतर १९७७ सालीं निघालें.

ह्या रांजणाची मातबरी काय, हें कळण्यासाठीं त्याच्या पूर्वींची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. ख्रिस्ती धर्माच्या आरंभाविषयीं सामान्य समजूत अशी आहे कीं, प्रथम एक येशू, त्याचे बारा शिष्य, चार शुभवर्तमानें आणि एकच एक मंडळी होती. पुढें कांहीं दुराग्रही लोकांनीं मूळ मतांत भेसळ करून पाखंडें काढलीं. ही समजूत आली कोठून? इ. स. १८० च्या सुमारास लिऑन शहरीं इरेनिअस नांवाचा धर्माध्यक्ष होता. त्यानें अशा मतांच्या खंडनासाठीं पांच भागांचा एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्याच्या मागून इतर धर्माचार्यांनींहि तेंच केलें. ज्यांचें खंडन झालें त्यांचे स्वतःचे ग्रंथ मात्र बहुतेक नाहींसे झाले. म्हणजे एखाद्या घराण्याचा इतिहास त्याच्या भाऊबंदांनीं वतनाच्या तंट्यांत दिलेल्या कैफियतीवरूनच लिहावा, तशांतला हा प्रकार! भाऊबंद सर्वच खोटें लिहितो असें नाहीं. परंतु तो प्रतिपक्षाची बाजू मांडावयास बसलेला नसतो, एवढें खास. नाग हम्मादीच्या रांजणानें दीड हजारांहून अधिक वर्षांनीं प्रतिवादीचे कागद न्यायासनापुढें आणले.

ह्या मतांच्या लोकांस विरोधकांनीं व पुढील इतिहासकारांनीं जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘ज्ञानवादी’ असा होतो. ग्रीक ‘ग्नोसिस’ आणि आपलें ‘ज्ञान’ हे शब्द एकाच मूळ धातूपासून निघाले आहेत, हें भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस सांगावयास नको. परंतु ज्ञानवादी हा कांहीं एक पंथ नव्हता. त्यांत नाना गुरु आणि नाना संप्रदाय होते. त्यांच्या मतांचें सर्वसाधारण सूत्र असें कीं, परमेश्वर ह्या सृष्टीच्या पलीकडे, शब्दांच्या आवांक्याबाहेर आहे. ही दुःखमय सृष्टि त्यानें केली नसून एका हीन व अज्ञानी शक्तीनें केली. मनुष्याच्या देहांत त्या दूरच्या प्रकाशाची एक ठिणगी अडकून पडली आहे, पण तिला आपल्या घराचा विसर पडला आहे. उद्धारकर्ता येतो तो पापांचें प्रायश्चित्त घेण्यासाठीं नव्हे, तर ही विस्मृति घालविण्यासाठीं. ‘योहानाचें गुह्य पुस्तक’ ह्या नांवाच्या ग्रंथांत हें सृष्ट्युत्पत्तीचें आख्यान सविस्तर आलें आहे, आणि ह्या ग्रंथाच्या एकट्या नाग हम्मादीच्या संग्रहांतच तीन प्रती निघाल्या. यावरून त्याचें पठण किती होत असावें ह्याची कल्पना येते.

दुसऱ्या शतकांतील रोम शहराकडे पाहिलें तर हा मतभेद अंधाऱ्या कोपऱ्यांत चाललेला नव्हता, हें दिसून येतें. व्हॅलेंटिनस हा ज्ञानवाद्यांचा मोठा आचार्य त्या शहरीं उघडपणें शिकवीत असे आणि आपणांस ख्रिस्तीच म्हणवीत असे. त्याच वेळीं मार्सियन नांवाचा एक धनाढ्य जहाजवाला तेथें आला. यहुद्यांच्या शास्त्रांतला कठोर न्यायाचा देव आणि येशूचा दयाळू पिता हे दोन निरनिराळे देव होत, असें तो म्हणूं लागला. त्यानें जुना करार समूळ टाकून दिला, एक शुभवर्तमान व पौलाचीं दहा पत्रें एवढींच काटछांट करून ठेविलीं, आणि तेवढेंच शास्त्र म्हणून जाहीर केलें. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीनें त्यास बाहेर घालविलें, व त्यानें देणगी दिलेले दोन लक्ष सेस्टर्स त्याचे त्यास परत केले. ह्याच्या उलट टोकास एबिओनी म्हणविणारे लोक होते. ते येशूस मसीहा मानीत, पण मोशेचें नियमशास्त्र पाळण्यांत यत्किंचित् ढिलाई करीत नसत. अमुक एक ख्रिस्ती आणि अमुक एक पाखंडी असें ठरविणारें सर्वमान्य पीठ त्या वेळीं अस्तित्वांतच आलें नव्हतें. सर्वच आपापल्या परीनें मूळ उपदेशाचे वारस म्हणवीत होते.

ह्या नव्यानें सांपडलेल्या ग्रंथांपैकीं सर्वांत अधिक चर्चा झाली ती ‘थॉमसाच्या शुभवर्तमाना’ची. ह्यांत चरित्र नाहीं, चमत्कार नाहींत, क्रूसावरचें मरण नाहीं. आहेत तीं केवळ येशूचीं म्हणून दिलेलीं ११४ वचनें. त्यांतलीं कित्येक चार मान्य शुभवर्तमानांत आहेत, कित्येक कोठेंच नाहींत. ह्याच वचनांचे ग्रीक तुकडे ऑक्सिरिंकस ह्या जागीं उकिरड्याच्या ढिगांत १८९७ पासूनच मिळूं लागले होते. पण ते कोणत्या ग्रंथाचे तें रांजण फुटेपर्यंत कोणास उमगलें नव्हतें. असाच ‘मरियेचें शुभवर्तमान’ म्हणून एक खंडित ग्रंथ १८९६ सालीं कैरोच्या बाजारांत विकत मिळाला आणि १९५५ सालीं छापला गेला. येशूनें मग्दालेच्या मरियेस एकांतीं उपदेश केला, ही गोष्ट पेत्रास कशी खपत नाहीं व लेवी तिची बाजू कशी घेतो, ह्याचें त्यांत वर्णन आहे. स्त्रीस उपदेशाचा अधिकार आहे कीं नाहीं, हा वाद त्या मंडळींत खरोखरच पेटलेला होता, ह्याची ही लेखी साक्ष होय.

मग हे ग्रंथ भूमिगत कां झाले? इ. स. ३६७ सालीं अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष अथनेशियस ह्यानें आपल्या अधिकाराखालील मंडळ्यांस एक पत्र पाठविलें. नव्या कराराचीं म्हणून आज जीं २७ पुस्तकें मानिलीं जातात, नेमकी त्याच पुस्तकांची यादी त्या पत्रांत प्रथम आढळते. व गुह्य म्हणविणारीं इतर पुस्तकें टाकून द्यावीं, असेंहि त्यांत बजाविलें आहे. रांजण जेथें मिळाला तेथून जवळच पाखोमियसानें स्थापिलेले मठ होते. तेव्हां तेथील एखाद्या साधूनें हीं पुस्तकें अग्नीच्या स्वाधीन करण्याऐवजीं मातीच्या स्वाधीन केलीं असावीं, असा कित्येकांचा तर्क आहे. तो सर्वांस मान्य नाहीं. परंतु रांजणाचें तोंड काळजीपूर्वक बंद केलें होतें, एवढें मात्र खरें.

आतां ह्या सर्व प्रकरणाशीं आमचा संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध आहे; आणि गंमत ही कीं, तो ज्या पुस्तकाच्या द्वारें जुळतो तें पुस्तकच वगळलेल्यांच्या पंगतींतलें आहे.

येशूचा शिष्य थॉमस हिंदुस्थानांत आला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिचा सर्वांत जुना सविस्तर आधार ‘थॉमसाचीं कृत्यें’ ह्या नांवाचा ग्रंथ होय. तो तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत, एडेसा शहरीं किंवा त्याच्या आसपास, सुरियानी भाषेंत रचला गेला असें बहुतेक विद्वान् मानतात. कथा मोठी चटकदार आहे. शिष्यांनीं चिठ्ठ्या टाकून पृथ्वी वांटून घेतली, तेव्हां थॉमसाच्या वांट्यास हिंदुस्थान आला. तो जाण्यास तयार होईना. तेव्हां येशूनें प्रत्यक्ष प्रकट होऊन त्यास हब्बान नांवाच्या व्यापाऱ्यास सुतार-गुलाम म्हणून विकून टाकलें! हब्बानानें त्यास गुदनफर राजाकडे आणलें. राजानें राजवाडा बांधण्यासाठीं द्रव्य दिलें. थॉमसानें तें गोरगरिबांस वांटून टाकलें, आणि राजानें विचारलें तेव्हां, तुझा वाडा स्वर्गांत बांधून तयार आहे, असें उत्तर दिलें. राजा संतापला, पण त्याचा भाऊ मरण पावून स्वर्गांत तो वाडा पाहून परत आला, आणि मग दोघेहि शरण गेले. पुष्कळ काळ लोक हा राजाहि कल्पित समजत. परंतु एकोणिसाव्या शतकांत वायव्येकडे गोंदोफरेस राजाचीं नाणीं मिळालीं, आणि तख्त-इ-बाहीच्या शिलालेखावरून तो पहिल्या शतकांत राज्य करीत होता हें सिद्ध झालें. राजा खरा म्हणून आख्यान खरें, असें मात्र म्हणतां येत नाहीं. एडेसापर्यंत त्याची कीर्ति व्यापाऱ्यांच्या तोंडून पोंचली होती, एवढेंच त्यावरून निष्पन्न होतें.

ह्या ग्रंथाच्या पोटांत मोत्याचें एक सुंदर गीत आहे. पूर्वेकडील एका राजपुत्रास त्याचे आईबाप भुजंगानें राखलेला एक मोती आणण्यासाठीं मिसर देशीं धाडतात. तेथें जाऊन तो तेथल्यांसारखा वेष करतो, तेथलें अन्न खातो, आणि आपण कोण, कशासाठीं आलों, हें सर्व विसरून गाढ झोंपतो. मग घरून पत्र येतें, तें वाचून त्यास जाग येते, आणि मोती घेऊन तो स्वदेशीं परततो. छांदोग्य उपनिषदांत गंधार देशाहून डोळे बांधून रानांत आणून सोडलेल्या मनुष्याचा दृष्टांत आहे. कोणी त्याची पट्टी सोडतो, आणि तो गांवोगांव विचारीत घरीं पोंचतो. दोन्ही एकापुढें एक ठेवले तर वाचकास रोमांच उठल्यावांचून राहत नाहींत. त्यांत गोंदोफरेसाचें राज्य गंधार प्रांतावरच, हा आणखी एक योग.

परंतु येथेंच इतिहासाच्या अभ्यासकानें सावध राहिलें पाहिजे. साम्य दिसलें कीं उसनवारी झालीच, आणि उसनवारी झाली ती आमच्याकडूनच, असें म्हणण्याचा मोह आपल्या लोकांस फार. घराचा विसर आणि घराची आठवण हा मनुष्यमात्राचा अनुभव आहे. त्यावर दोन ठिकाणीं दोन स्वतंत्र दृष्टांत सुचूं शकतात. शिवाय ज्ञानवाद्यांचा अज्ञानी सृष्टिकर्ता वेदान्तांत कोठेंच बसत नाहीं. दळणवळण होतें, हें मात्र निर्विवाद. त्याच एडेसा शहरीं बर्देसान (इ. स. १५४–२२२) नांवाचा तत्त्वज्ञ होऊन गेला, त्यासहि पुढें पाखंडी ठरविण्यांत आलें. रोमच्या बादशहाकडे निघालेल्या हिंदी वकिलांस भेटून त्यानें ब्राह्मण व श्रमण ह्यांच्या आचारांची माहिती लिहून घेतली. एका गुहेंतल्या मोठ्या मूर्तीचें वर्णनहि त्यानें दिलें आहे: उजवें अंग पुरुषाचें, डावें स्त्रीचें. हा अर्धनारीनटेश्वर होय, हें आपल्या वाचकांस क्षणांत ओळखूं येईल. घारापुरीची लेणीं त्यानंतर तीन शतकांहून अधिक काळानें खोदलीं गेलीं, म्हणून तीं हीं नव्हेत. पण अशा मूर्तीची वार्ता त्या काळीं एडेसापर्यंत गेली होती, हें काय थोडें झालें?

थॉमसाच्या ह्या ग्रंथाचें पुढें काय झालें? संसार व विवाह सोडून देण्याचा त्याचा अतोनात आग्रह आणि मानी नांवाच्या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांस वाटणारी त्याची आवड, ह्यांमुळें मुख्य मंडळीस तो संशयास्पद वाटला. आणि सहाव्या शतकांतल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या लॅटिन यादींत अमान्य पुस्तकांमध्यें त्याची गणना झाली. म्हणजे कथा ठेविली आणि पोथी टाकली! थॉमसाचें हिंदुस्थानांत येणें सर्वांनीं मानलें. पण ज्यानें तें प्रथम सविस्तर सांगितलें, त्यास मात्र दाराबाहेर उभें केलें.

आतां आपल्या मुलुखाकडे वळूं. भोरहून पश्चिमेस निघून वरंधा घाट उतरलें कीं महाड लागतें, आणि महाडजवळ गांधारपाल्याचीं बौद्ध लेणीं आहेत. सह्याद्रींतल्या अशाच घाटवाटांनीं देशावरचा माल कोंकणच्या बंदरांस जाई. नाणेघाटाखालचें कल्याण हें त्यांतलें एक मोठें बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांतून कल्याणच्या दात्यांचीं नांवें वारंवार येतात. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नांवाचा व्यापारी आपल्या ग्रंथांत लिहितो कीं, ‘कल्लियाना’ येथें ख्रिस्ती लोकांचा एक धर्माध्यक्ष असून त्याची नेमणूक इराणांतून होते. हें कल्लियाना म्हणजे आपलें कल्याणच, असें बहुतेक संशोधकांचें मत आहे. आणि इराणांतली ही मंडळी म्हणजे नेस्टोरियन म्हणून ओळखली जाणारी पौर्वात्य मंडळी. कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष नेस्टोरियस ह्यास इ. स. ४३१ सालीं इफिसच्या परिषदेनें पाखंडी ठरवून पदच्युत केलें होतें, व त्याचें नांव ह्या मंडळीस चिकटविण्यांत आलें. ही मंडळी ज्ञानवादी नव्हती, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. तिचा वाद येशूच्या मानवी व दैवी स्वरूपाविषयींचा, अगदीं निराळा. परंतु पश्चिमेकडील सनातन मंडळीच्या दृष्टीनें तीहि यादीबाहेरचीच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ज्या ख्रिस्ती धर्माची पहिली खात्रीची नोंद मिळते, तो असा ‘पाखंडी’ ठरलेला ख्रिस्ती धर्म आहे!

ह्या लोकांचा पुनः उल्लेख येतो तो आठशें वर्षांनीं. इ. स. १३२१ सालीं ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन साधु तेथल्या मुसलमान अधिकाऱ्यांच्या हुकुमानें मारले गेले. ते उतरले होते एका नेस्टोरियन ख्रिस्ती गृहस्थाच्या घरीं. थोड्याच काळानें ओडोरिक नांवाचा दुसरा फ्रान्सिस्कन ठाण्यास येऊन त्यांच्या अस्थि घेऊन गेला. ठाण्यांत नेस्टोरियनांचीं पंधरा घरें आहेत असें तो नोंदवितो. आणि हे लोक फुटीर व पाखंडी होत, एवढें शेजारींच जोडावयास विसरत नाहीं. ज्यांनीं परमुलुखांत आपल्या धर्मबंधूंस आसरा दिला, त्यांची इतिहासांत राहिलेली ओळख ही एवढीच. त्यांचीं पुस्तकें कोणतीं, प्रार्थना कोणत्या, तीं घरें पुढें कोठें गेलीं, ह्यांविषयीं त्यांचें स्वतःचें एक अक्षर उरलें नाहीं. त्यांच्यासाठीं कोणी रांजण पुरून ठेविला नाहीं.

मलबारांत ह्याच पौर्वात्य मंडळीशीं जोडलेले ख्रिस्ती लोक पुष्कळ होते, आणि त्यांच्यापाशीं सुरियानी पोथ्याहि होत्या. इ. स. १५९९ च्या जून महिन्यांत गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस ह्यानें उदयंपेरूर येथें त्यांची धर्मसभा भरविली, आणि दोषी पुस्तकांची यादी देऊन तीं जाळण्यासाठीं किंवा दुरुस्त करण्यासाठीं हजर करावीं, असा ठराव करून घेतला. अनेक पोथ्या अग्नींत गेल्या. आज त्या जुन्या मंडळीचा इतिहास लिहूं पाहणारास त्या दोषांच्या यादीचाच आधार घ्यावा लागतो. इरेनिअसाची कैफियत आणि मेनेझिसाची यादी ह्यांत चवदाशें वर्षांचें अंतर आहे. पण प्रतिवादीचें म्हणणें वादीच्या तोंडून ऐकण्याचा प्रसंग तोच.

हें सर्व वाचून ख्रिस्ती लोकांसच नांवें ठेवण्याचें कारण नाहीं; आपल्या घरांतहि थोडें डोकावून पाहावें. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामींच्या शिष्यांनीं मराठींत अपूर्व गद्य लिहिलें. म्हाइंभटांचें लीळाचरित्र हें त्याचें शिरोरत्न. आणि मरियेप्रमाणेंच निर्भयपणें प्रश्न विचारणारी महदंबा ही त्याच पंथांतली. परंतु महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत बंद करून ठेविले, आणि बाहेरच्या समाजानें त्यांच्याविषयीं ऐकीव निंदा तेवढी जतन केली. कित्येक शतकें मराठी मनुष्यास आपल्याच भाषेंतल्या पहिल्या मोठ्या चरित्रग्रंथाची गंधवार्ता नव्हती. विसाव्या शतकांत राजवाडे, भावे, य. खु. देशपांडे, ह. ना. नेने प्रभृति संशोधकांच्या श्रमानें ती लिपी उलगडली व ग्रंथ छापले गेले. तेव्हां कळलें कीं, ज्यांस आपण केवळ निंदेवरून ओळखत होतों, त्यांचें बोलणें फार निराळें आहे. फरक एवढाच कीं, मिसरांतील पुस्तकें मातीनें राखलीं आणि हीं माणसांनीं राखलीं. लिपी हाच त्यांचा रांजण होता.

तथापि वगळलेलें तें सर्वच खरें आणि मान्य झालें तें सर्वच जुलमाचें, असें म्हणणें हें जुन्या अन्यायाच्या जागीं नवा अन्याय करणें होय. व्हॅलेंटिनसाच्या अनुयायांनीं मनुष्यांचे आत्मिक, मानसिक व जड असे तीन वर्ग कल्पिले, आणि तिसऱ्या वर्गास मोक्षाची आशाच ठेविली नाहीं. थॉमसाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या वचनांत स्त्रीला जीवन मिळावयाचें तें पुरुष होऊन, असें आलें आहे. आधुनिक वाचकास हें रुचणार नाहीं. उलट इरेनिअसाच्या मंडळींत गुलामास, विधवेस, निरक्षर कोळ्यास एकच साधी श्रद्धा पुरे होती. गुह्य ज्ञानाची पायरी चढावी लागत नव्हती. छळाच्या दिवसांत रोगी व दरिद्री जनांस संभाळणारी संघटना त्या साध्या श्रद्धेनें उभी केली. यादी करणाऱ्यांचीं कारणें सर्वच क्षुद्र नव्हतीं. दोष यादी करण्यांत नाहीं. यादीबाहेरचें जणूं कधीं नव्हतेंच, असें पुढील पिढ्यांस शिकविण्यांत आहे. धर्माच्या आरंभीं ऐक्य होतें आणि मतभेद मागून आले, हें बहुधा कोणत्याच धर्माच्या इतिहासांत खरें नसतें. मतभेद आरंभापासूनचे असतात. ऐक्य हेंच मागून, श्रमानें, आणि पुष्कळदां पुष्कळ मोलानें घडविलेलें असतें.

भोरकडच्या वाचकांनीं एक देखावा पाहिला असेल. भाटघरच्या धरणाचें पाणी वेळवंडीच्या खोऱ्यांत पसरलें, आणि कांबरें येथील कांबरेश्वराचें देऊळ त्याच्या पोटांत गेलें. वर्षाचे बहुतेक महिने तेथें केवळ पाणी दिसतें, आणि परका मनुष्य म्हणेल कीं येथें कधीं कांहीं नव्हतेंच. उन्हाळ्यांत पाणी ओसरतें, शिखर वर येतें, मग भिंती, मग ओटा; आणि माणसें चिखल तुडवीत दर्शनास जातात. त्या पाण्यावर खालचीं शेतें पिकतात, म्हणून धरणास कोणी शिव्या देत नाहीं. परंतु देऊळ कोठें आहे, हें त्या गांवचा मनुष्य भर पावसाळ्यांतहि बोट करून दाखवितो. इतिहासाच्या अभ्यासकानें निदान तेवढें करण्यास शिकलें पाहिजे. कल्याणचा तो अनामिक धर्माध्यक्ष आणि ठाण्याचीं तीं पंधरा घरें ह्यांच्याविषयीं बोट दाखविण्यापलीकडे आज आपल्या हातीं कांहीं नाहीं. पण तें बोट खालीं पडूं देणें बरें नव्हे.